वीस टक्के मतांचा मुख्यमंत्री : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याचे १९६८ ते १९८७ असे सलग एकोणीस वर्षं प्रीमियर राहिलेले ज्यो ब्येल्की-पीटरसन यांच्याविषयीचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. आडनावाचा उच्चार तिथे 'ब्येल्की' असाच करतात. नाव 'जो' असं लिहिलं तर मराठी वाचक पुढे 'तो' शोधत बसतो, म्हणून इथे 'ज्यो'.

प्रश्न : प्रीमियर म्हणजे आपला मुख्यमंत्रीच ना? अधिकारात काही फरक आहे का? (नाशिक)

काम तेच. सभागृहात बहुमत असलेल्या पक्षाचा किंवा युतीचा नेता राज्यपालाकडून शपथ घेतो आणि सरकार चालवतो. फरक तीन ठिकाणी आहे, आणि तिन्ही या प्रकरणात महत्त्वाचे आहेत.

पहिला फरक राज्यपालाचा. आपल्याकडे राज्यपाल दिल्लीहून येतो, त्यामुळे मुख्यमंत्री आणि राजभवन यांची खडाजंगी नेहमीची. ऑस्ट्रेलियात राज्याच्या राज्यपालाचं नाव प्रीमियरच सुचवतो. १९८६ च्या ऑस्ट्रेलिया कायद्यानंतर तर तो थेट राजघराण्याला सल्ला देतो, मध्ये केंद्र सरकार येतच नाही.

दुसरा फरक वरच्या सभागृहाचा. महाराष्ट्रात ७८ जणांची विधान परिषद आहे. क्वीन्सलँडमध्ये लेबर पक्षाच्या सरकारने १९२२ मध्ये वरचं सभागृहच मोडीत काढलं. त्यासाठी आधी आपले लोक तिथे नेमले आणि त्यांच्याकडूनच सभागृह बंद करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. तेव्हापासून विधेयक एकाच सभागृहात पास झालं की कायदा. ऑस्ट्रेलियाच्या सहा राज्यांत असं हे एकच.

तिसरा फरक पक्षांतराचा. आपल्याकडे १९८५ पासून दहावी अनुसूची आहे, तिथे तसं काहीच नाही. त्याचा उपयोग कसा झाला ते पुढे येईल.

प्रश्न : भुईमूग पिकवणारा माणूस तिथवर पोचला कसा? (ब्रिस्बेन)

त्यांचा जन्म १३ जानेवारी १९११ रोजी न्यूझीलंडमधल्या डॅनव्हर्क इथे झाला. आईवडील डॅनिश वंशाचे, लुथरन. कुटुंब क्वीन्सलँडमधल्या किंगरॉयला येऊन स्थिरावलं. तुम्ही ब्रिस्बेनला आहात, तर किंगरॉयचे भुईमुगाचे उंच सायलो, म्हणजे साठवणीचे मनोरे, पाहिले असतील, तोच मुलूख. लहानपणी पोलिओ झाल्याने पायात थोडा दोष राहिला. शाळा चौदाव्या वर्षाच्या आसपास सुटली. पुढे पंधरा वर्षं त्यांनी गळक्या छपराच्या जुन्या गोठ्यात एकट्याने काढली.

पैसा भुईमुगातून आला, तसाच कंत्राटातूनही. जंगल साफ करून शेतजमीन तयार करून देणं हा त्यांचा धंदा. दोन बुलडोझर समांतर चालवायचे, दोघांच्या मध्ये जाडजूड साखळदंड ओढायचा, आणि मधली झाडं मुळासकट आडवी करत जायचं. या पद्धतीचं श्रेय बऱ्याचदा त्यांनाच दिलं जातं. विमानातून फवारणी आणि बी पेरण्याचं कामही त्यांनी केलं. पुढची राजकीय कारकीर्द पाहिली की ती साखळी डोळ्यांसमोर येते, हे कबूल करायला हवं.

१९४७ मध्ये कंट्री पार्टी या ग्रामीण भागातल्या पक्षातर्फे आमदार, पण मंत्रिपद १९६३ मध्ये, म्हणजे सोळा वर्षांनी. कारण पहिली दहा वर्षं सत्ता लेबरकडे होती. १९५७ मध्ये कामगारांना तीन आठवड्यांची पगारी रजा देण्याच्या वादात लेबरने आपल्याच प्रीमियरला, व्हिन्स गेअर यांना पक्षातून काढलं. पक्ष फुटला आणि कंट्री-लिबरल युतीचं सरकार आलं. १९६८ च्या जानेवारीत प्रीमियर झालेले जॅक पिझी ३१ जुलैला अचानक वारले. लिबरल नेते गॉर्डन चॉक यांनी आठवडाभर गाडा हाकला, आणि ८ ऑगस्टला उपनेते ब्येल्की-पीटरसन प्रीमियर झाले. तेव्हा त्यांना फार कोणी मोजत नव्हतं. १९७० मध्ये त्यांच्याच आमदारांनी त्यांना खाली खेचायचा बेत केला. ते वाचले ते एका मताने, आणि वाचवणाऱ्या मतांत त्यांचं स्वतःचंही एक होतं.

प्रश्न : १९७२ मध्ये त्यांच्या पक्षाला वीस टक्के मतं होती आणि तरी ते प्रीमियर झाले असं वाचलं. हे गणित कसं जमतं? (सांगली)

आकडा खरा आहे, पण तेवढ्यावर थांबलं तर चित्र अर्धंच दिसतं. १९७२ ची मांडणी अशी. एकूण ८२ जागा. लेबर ४६.८ टक्के मतं, ३३ जागा. लिबरल २२.२ टक्के, २१ जागा. कंट्री पार्टी २० टक्के, २६ जागा. बहुमताला ४२ हव्यात; कंट्री आणि लिबरल मिळून ४७. युतीत ज्याच्या जागा जास्त त्याचा मुख्यमंत्री, हे महाराष्ट्राला समजावून सांगायला नको. लिबरलांची मतं जास्त होती, जागा कमी.

आता प्रत्येक जागेला किती टक्के मतं 'पडली' ते काढा. कंट्री पार्टीला एक जागा ०.७७ टक्क्यात मिळाली, लिबरलांना १.०६ टक्क्यात, लेबरला १.४२ टक्क्यात. लेबरची जागा जवळजवळ दुप्पट महाग.

याची कारणं तीन आहेत आणि ती एकमेकांत मिसळून सांगितली जातात म्हणून घोळ होतो.

एक, विभाग. राज्याचे चार विभाग केले होते: ब्रिस्बेनसह दक्षिण-पूर्व, प्रांतीय शहरं, ग्रामीण, आणि पश्चिम व अतिउत्तर. प्रत्येक विभागाला जागा ठरवून दिलेल्या. पश्चिमेकडच्या मतदारसंघात ब्रिस्बेनच्या मतदारसंघाच्या साधारण निम्मे मतदार. म्हणजे मेंढ्यांच्या माळरानावरचं एक मत शहरातल्या दोन मतांच्या बरोबरीचं. गंमत अशी की ही विभागांची पद्धत ब्येल्की-पीटरसन यांनी काढलेली नाही. १९४९ मध्ये लेबरच्या हॅनलन सरकारने ती आणली, कारण तेव्हा पश्चिमेकडचे लोकर कातरणारे मजूर, रेल्वे कामगार आणि खाणकामगार लेबरचे मतदार होते. मतदार बदलले, पद्धत तशीच राहिली. १९७१ मध्ये कंट्री पार्टीने ती आपल्या मापाने पुन्हा शिवून घेतली. मतदारसंघांच्या सीमा आपल्या सोयीने आखण्याला 'गेरीमँडर' म्हणतात, त्यावरून लोक तिला 'ब्येल्कीमँडर' म्हणू लागले.

दोन, सीमारेषा. मतदारसंघ छोटा-मोठा न करताही निकाल फिरवता येतो. समजा एका भागात प्रत्येकी १५,००० मतदारांचे चार मतदारसंघ आहेत आणि साठ हजारांपैकी बरोबर तीस हजार मतं लेबरची. मतं सारखी पसरली असती तर सामना बरोबरीचा. पण मधल्या कामगारवस्तीच्या गावाभोवती रेष मारून त्याचा वेगळा मतदारसंघ केला, तर तिथे लेबर १२,००० विरुद्ध ३,००० असं दणदणीत जिंकतं. उरलेली १८,००० मतं तीन मतदारसंघांत सहा-सहा हजार अशी विभागली जातात आणि समोर नऊ-नऊ हजार. निम्मी मतं, चारात एक जागा. 'प्रांतीय शहरं' हा वेगळा विभाग करण्याचा परिणाम बऱ्याच अंशी असाच झाला: लेबरची मतं शहरांच्या कुंपणात अडकली आणि भोवतालचा ग्रामीण पट्टा मोकळा राहिला. आमच्या मते मतांच्या कमी-जास्त वजनापेक्षा हे कुंपण जास्त परिणामकारक होतं, पण 'एकाचं मत दोघांएवढं' हे वाक्य भाषणात चांगलं बसतं, म्हणून तेच लक्षात राहिलं.

तीन, पसंतीक्रम. क्वीन्सलँडमध्ये १९६३ च्या निवडणुकीपासून सगळ्या उमेदवारांना १, २, ३ असे क्रमांक देणं सक्तीचं होतं. त्यामुळे कंट्री आणि लिबरल एकाच जागी समोरासमोर लढले तरी मतविभागणीची भीती नाही. एक मासला: लेबर ६,९००, लिबरल ४,२००, कंट्री ३,९००. आपल्या पद्धतीत लेबर निवडून आलं असतं. तिथे सगळ्यात मागे असलेला कंट्रीचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका दुसऱ्या पसंतीप्रमाणे वाटल्या जातात. दहातल्या नऊ लिबरलकडे गेल्या तर लिबरल ४,२०० अधिक ३,५१०, म्हणजे ७,७१०. लेबर ६,९०० अधिक ३९०, म्हणजे ७,२९०. लिबरल विजयी. शिवाय १९७२ मध्ये लेबरमधून फुटलेल्या गटाची पावणेआठ टक्क्यांच्या आसपास मतं होती. त्यांना जागा एकही नाही, पण दुसरी पसंती बहुतेक युतीला.

म्हणून सगळा दोष विभागांच्या माथी मारणाऱ्यांना एक प्रश्न विचारावा लागतो: १९७४ चं काय? त्या वर्षी लेबरच्या ३३ जागांच्या ११ झाल्या. क्रिकेटची टीम म्हणून त्यांची थट्टा झाली. पद्धत तीच होती. मतंच ३६ टक्क्यांवर आली होती. पद्धतीचा खरा फटका त्याच निवडणुकीत मित्रपक्षाला बसला. लिबरल ३१ टक्के मतं आणि ३० जागा. नॅशनल (कंट्री पार्टीचं नवं नाव) २८ टक्के आणि ३९ जागा. तीन टक्के कमी, नऊ जागा जास्त.

प्रश्न : मित्रपक्ष एवढा गप्प का बसला? (पुणे)

गप्प बसला नाही, उशिरा बोलला. १९८३ च्या ऑगस्टमध्ये लिबरल मंत्री टेरी व्हाइट यांनी सरकारी खर्च तपासणारी लोकलेखा समिती नेमण्याच्या बाजूने मत दिलं. आपल्याकडे अशी समिती रुळलेली आहे, तिथे ती नव्हतीच. व्हाइट यांचं मंत्रिपद गेलं, मग ते लिबरलांचे नेते झाले, आणि ब्येल्की-पीटरसन यांनी त्यांना उपमुख्यमंत्री करायला साफ नकार दिला. युती तुटली.

२२ ऑक्टोबर १९८३ ला निवडणूक. नॅशनल ४१, लेबर ३२, लिबरल ८, अपक्ष १. बहुमताला एक कमी. तेव्हा ब्रायन ऑस्टिन आणि डॉन लेन हे निवडून आलेले दोन लिबरल सरळ नॅशनलमध्ये गेले आणि मंत्री झाले. ना अध्यक्षांपुढे याचिका, ना अपात्रतेची सुनावणी, ना कोर्ट. बॅगा भरून कुठल्या हॉटेलात जाण्याचीही गरज पडली नाही. १९८६ मध्ये ८९ जागांपैकी ४९ एकट्याने जिंकल्या, ३९.६ टक्के मतांवर, लेबरला ४१.४ टक्के आणि ३० जागा.

प्रश्न : मोर्चावरची बंदी कोणत्या कायद्याने घातली? (औरंगाबाद खंडपीठातील एक वकील)

वाहतुकीच्या कायद्याने. आणीबाणीचा किंवा दहशतवादाचा कायदा लागला नाही, हेच त्यातलं शिकण्यासारखं. रस्त्यावरून मोर्चा न्यायचा तर पोलिसांचा परवाना लागायचा, हे आधीपासून होतं. पोलिसांनी नाकारलं तर दंडाधिकाऱ्याकडे अपील करता येई. १९७७ च्या सप्टेंबरमध्ये, युरेनियम निर्यातीविरुद्ध मोर्चे जोरात असताना, एक बदल केला: अपील दंडाधिकाऱ्याकडे नाही, पोलीस आयुक्ताकडे. नकार देणारं खातं आणि अपील ऐकणारं खातं एकच झालं. त्याआधी ४ सप्टेंबरला प्रीमियरनी जाहीरच केलं होतं की अर्ज करायची तसदी घेऊ नका, परवाना मिळणार नाही.

२२ ऑक्टोबर १९७७ ला ब्रिस्बेनच्या किंग जॉर्ज स्क्वेअरमधून निघू पाहणाऱ्या चारशेहून अधिक लोकांना एका दिवसात अटक झाली. त्याच्या सहा वर्षं आधी, १९७१ मध्ये, दक्षिण आफ्रिकेच्या रग्बी संघाच्या दौऱ्याविरुद्धची निदर्शनं रोखण्यासाठी त्यांनी महिनाभर आणीबाणी लावलेली होतीच. मतदारांना ते आवडलं. त्याच महिन्यातल्या मेरीबरोच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पक्षाने लेबरची जागा हिसकावली. 'कायदा आणि सुव्यवस्था' हे नाणं चालतं, हा धडा त्यांनी तिथे घेतला.

प्रश्न : १९७५ मध्ये पंतप्रधान व्हिटलम यांना बडतर्फ केलं, त्यात यांचा हात होता का? (ठाणे)

बडतर्फी गव्हर्नर-जनरलनी केली, पण तिथपर्यंतच्या जिन्याची एक पायरी क्वीन्सलँडची. ३० जून १९७५ ला क्वीन्सलँडचे लेबर सेनेटर बर्टी मिलिनर वारले. राज्यसभेची जागा रिकामी झाली तर आपल्याकडे पोटनिवडणूक होते. तिथे राज्याचं विधिमंडळ नवा सेनेटर नेमतं, आणि संकेत असा होता की गेलेल्याच पक्षाने सुचवलेला माणूस घ्यायचा. संकेत, कायदा नव्हे. लेबरने एकच नाव दिलं, माल कोल्स्टन. ब्येल्की-पीटरसन म्हणाले तीन नावं द्या. लेबर अडून बसलं. मग विधानसभेने अल्बर्ट फील्ड यांना नेमलं: लाकडी सामानाला पॉलिश करणारा कारागीर, लेबरचाच सदस्य, पण व्हिटलम यांच्यावर नाराज.

अक्षराला धक्का न लावता संकेत मोडला. फील्ड यांच्या पात्रतेवर लगेच आव्हान आलं, ते सभागृहाबाहेर राहिले, पण लेबरचं एक मत कमी झालं ते झालंच. ऑक्टोबरमध्ये सेनेटने अर्थसंकल्पी विधेयकं रोखली, ११ नोव्हेंबरला व्हिटलम गेले. १९७७ मध्ये सार्वमत घेऊन घटनेचं कलम १५ बदललं आणि 'त्याच पक्षाचा माणूस' हा संकेत लिखित नियम झाला.

त्यांच्या नावावर घटनात्मक खटलाही आहे. जॉन कोवार्टा या आदिवासी नेत्याच्या समूहासाठी केप यॉर्कमधली जमीन विकत घेण्याचा व्यवहार राज्य सरकारने अडवला. 'कोवार्टा विरुद्ध ब्येल्की-पीटरसन' या १९८२ च्या निकालात उच्च न्यायालयाने (तिथे 'हाय कोर्ट' हेच सर्वोच्च) ४ विरुद्ध ३ मतांनी केंद्राचा वंशभेदविरोधी कायदा उचलून धरला. १९८५ मध्ये टोरेस सामुद्रधुनीतल्या बेटवासीयांचा जमिनीवरचा हक्क मागच्या तारखेपासून संपवणारा कायदा त्यांनी केला. तोही १९८८ मध्ये माबो खटल्याच्या पहिल्या टप्प्यात, त्याच वंशभेदविरोधी कायद्याच्या आधारे, रद्द झाला.

प्रश्न : एवढी वर्षं लोकांनी उगाच निवडून दिलं का? काही चांगलं केलंच असेल. (सोलापूर)

केलं. १९७७ पासून मृत्यूनंतर मालमत्तेवर लागणारा राज्याचा कर त्यांनी काढून टाकला. निवृत्त माणसं आपली पुंजी घेऊन मेलबर्न-सिडनीहून गोल्ड कोस्टकडे सरकू लागली, तेव्हा बाकीच्या राज्यांना आणि केंद्रालाही तो कर सोडावा लागला. भारतात इस्टेट ड्युटी गेली १९८५ मध्ये.

दुसरं, कोळसा. बोवेन खोऱ्यातल्या खाणींकडून रॉयल्टी सुरुवातीला टनाला अवघे पाच सेंट. टीका झाल्यावर १९७४ मध्ये ती वाढवली. पण राज्याची खरी कमाई रेल्वेभाड्यात होती. बंदरापर्यंतची लाइन आणि डबे यांचा पैसा खाण कंपनीने आधी भरायचा, गाडी सरकारी रेल्वेने चालवायची, आणि टनामागे खर्चापेक्षा बरंच जास्त भाडं लावायचं. नाव भाड्याचं, काम रॉयल्टीचं. १९८२ चे राष्ट्रकुल खेळ, १९८६ चा गेटवे पूल आणि एक्स्पो ८८ ची तयारी याच काळातली.

आणि पाडापाडीही. १९७९ च्या एप्रिलमध्ये मध्यरात्री, लोक निदर्शनं करत असताना, विधिमंडळासमोरचं जुनं बेलव्ह्यू हॉटेल पाडलं. १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये क्लाउडलँड हे नृत्यगृह पहाटे चारच्या सुमारास परवान्याशिवाय जमीनदोस्त झालं. दोन्हीकडे कंत्राटदार तेच. पत्रकार परिषदेला ब्येल्की-पीटरसन 'कोंबड्यांना दाणे टाकणं' म्हणत. अडचणीचा प्रश्न आला की ठरलेलं उत्तर: त्याची तुम्ही काळजी करू नका.

प्रश्न : मग पडले कसे? भ्रष्टाचारामुळे, की दिल्लीची, म्हणजे कॅनबेराची, स्वप्नं पडल्यामुळे? (नागपूर)

दोन्ही, आणि दोन्ही एकाच वर्षात. १९८७ च्या सुरुवातीला 'ज्यो पंतप्रधान' ही मोहीम सुरू झाली. क्वीन्सलँडच्या नॅशनल पक्षाने केंद्रातली लिबरलांशी असलेली युती सोडायला लावली. पंतप्रधान बॉब हॉक यांनी ही फूट हेरली आणि मे महिन्यात, ब्येल्की-पीटरसन अमेरिकेत असताना, ११ जुलैची निवडणूक जाहीर केली. प्रीमियर स्वतः उभेच राहिले नाहीत. हॉक वाढीव बहुमताने परत आले आणि बाकीच्या देशातल्या नॅशनल-लिबरल कार्यकर्त्यांनी पराभवाचं खापर किंगरॉयवर फोडलं.

त्याच मे महिन्यात, ११ तारखेला, सरकारी दूरचित्रवाणीच्या 'फोर कॉर्नर्स' कार्यक्रमात क्रिस मास्टर्स यांनी ब्रिस्बेनचे जुगारअड्डे, कुंटणखाने आणि त्यांना सांभाळणारे पोलीस दाखवले. दुसऱ्याच दिवशी उपमुख्यमंत्री बिल गन यांनी चौकशी जाहीर केली. आयोग नेमला की वर्षभर विषय थंड, हा सगळीकडचा अनुभव. इथेही काही आठवड्यांत आटोपेल अशीच समजूत होती. टोनी फिट्झजेराल्ड यांच्या अध्यक्षतेखालची ही चौकशी चालली २३८ दिवस, साक्षीदार ३३९.

ती का चालली? कार्यकक्षा दोनदा वाढवून घेतली. सुनावणी उघड ठेवली. आणि खालच्या माणसांना खटल्यापासून संरक्षण देऊन वरच्यांची नावं काढली. हप्ते गोळा करणारा माजी पोलीस जॅक हर्बर्ट माफीचा साक्षीदार झाला तिथे धरण फुटलं. पोलिसांच्या हप्तेबाजीला आतली माणसं 'द जोक' म्हणत. हर्बर्टच्या साक्षीचा बाण गेला पोलीस आयुक्त टेरी लुइस यांच्यावर. या लुइसना १९७६ मध्ये चार्लव्हिलसारख्या आडबाजूच्या गावातून उचलून शंभराहून अधिक वरिष्ठांच्या डोक्यावर बसवलं होतं, आणि त्याचा निषेध म्हणून आधीचे आयुक्त रे व्हिट्रॉड यांनी राजीनामा दिला होता. मोर्चाच्या परवान्याचं अपील ज्या आयुक्ताकडे जायचं, तो हाच. १९९१ मध्ये लुइसना १४ वर्षांची शिक्षा झाली. चार माजी मंत्री खर्चाच्या गैरव्यवहारात तुरुंगात गेले. त्यांत १९८३ चे ते दोन्ही पक्षांतरित होते.

आता नोव्हेंबर १९८७ चा आठवडा, कारण प्रीमियर नेमका कसा उतरतो ते यात दिसतं. ऑक्टोबरमध्येच त्यांनी जाहीर केलं होतं की ८ ऑगस्ट १९८८ ला, वीस वर्षं पुरी करून, जाईन. पक्षाला तेवढा धीर नव्हता. २३ नोव्हेंबरला ते राज्यपाल सर वॉल्टर कॅम्पबेल यांच्याकडे गेले: पाच मंत्री नकोत, मंत्रिमंडळ नव्याने बांधायचं आहे. राज्यपालांनी आधी मंत्र्यांशी बोला म्हणून सुचवलं. दुसऱ्या दिवशी तिघांना काढलं. त्यांत आरोग्यमंत्री माइक अहर्न होते. २६ नोव्हेंबरला आमदारांनी बैठक घेऊन अहर्न यांनाच नेता निवडलं. ब्येल्की-पीटरसन बैठकीला गेलेच नाहीत.

आणि इथे पेच पडला. पक्षाचा नेता अहर्न, पण शपथ घेतलेला प्रीमियर ब्येल्की-पीटरसन, आणि ते राजीनामा देईनात. प्रीमियरपद पक्षाच्या बैठकीत जात नाही. ते सभागृहात किंवा राजीनाम्याने जातं. सभागृह चालू नव्हतं. राज्यपालांनी घाई करून बडतर्फी केली असती तर १९७५ ची पुनरावृत्ती झाली असती. ते थांबले. पाच दिवस कोंडी. १ डिसेंबरला राजीनामा आला, आमदारकीचाही. पुढच्या एप्रिलमध्ये त्यांच्या बराम्बा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली, आणि त्यांच्याच पक्षाने जागा गमावली.

प्रश्न : त्यांना शिक्षा झाली का? (कोल्हापूर)

नाही. चौकशी आयोगापुढे शपथेवर खोटं बोलल्याचा खटला १९९१ मध्ये उभा राहिला. विषय होता प्रीमियरच्या कार्यालयात एका परदेशी उद्योजकाकडून आलेले रोख एक लाख डॉलर. ज्यूरीचं एकमत झालं नाही. दोषी ठरवण्याच्या बाजूने दहा, विरोधात दोन. आणि ज्यूरीचा प्रमुख नॅशनल पक्षाच्या युवक शाखेचा सदस्य होता हे नंतर बाहेर आलं. वय ऐंशी, म्हणून पुन्हा खटला चालवला नाही. २००३ मध्ये त्यांनीच उलट राज्य सरकारकडे चौकशीमुळे झालेल्या नुकसानीपोटी ३३ कोटी ८० लाख डॉलर मागितले. दावा फेटाळला गेला. २३ एप्रिल २००५ रोजी ते वारले. किंगरॉयच्या शेतातच त्यांचं दफन झालं.

आयोगापुढची एक गोष्ट मात्र लोक अजून सांगतात. कायदेमंडळ, सरकार आणि न्यायालय यांचे अधिकार वेगळे असतात या तत्त्वाचा अर्थ काय, असं त्यांना विचारलं. एकोणीस वर्षं प्रीमियर राहिलेल्या माणसाला तो सांगता आला नाही.

प्रश्न : मी नुकताच ऑस्ट्रेलियाचा नागरिक झालो आहे. आता तिथे ही विभागांची पद्धत आहे का? मत देताना काय सांभाळायचं? (ब्रिस्बेन)

विभाग गेले. फिट्झजेराल्ड अहवालानंतर, डिसेंबर १९८९ मध्ये लेबरचे वेन गॉस ५४ जागा जिंकून आले, आणि १९९२ ची निवडणूक 'एक मत, एक मूल्य' या तत्त्वावर झाली. सध्या जागा ९३ आहेत. २०१६ च्या सार्वमतानंतर मुदत चार वर्षं आणि मतदान ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी. मागचं २६ ऑक्टोबर २०२४ ला झालं.

नागरिकत्व मिळालं म्हणजे यादीत नाव आपोआप चढलं असं धरून चालू नका, नोंदणीची खात्री करा. मतदान सक्तीचं आहे, न दिल्यास दंड. मतपत्रिकेवर एकच खूण केली तर मत बाद. नव्या मराठी मतदारांची चूक इथेच होते, कारण हाताला एकच बटण दाबायची सवय असते. प्रत्येक चौकटीत क्रमांक लिहायचा: आवडता १, मग २, ३ असं शेवटच्या नावडत्यापर्यंत. एकच क्रमांक दोनदा नको. केंद्राबाहेर पक्षाचे कार्यकर्ते क्रमांक छापलेली चिठ्ठी देतात. ती सूचना आहे, बंधन नाही. १९९२ ते २०१५ या काळात फक्त '१' लिहिलं तरी चालत असे, त्यामुळे तिथले जुने रहिवासीही कधीकधी चुकीचं सांगतात.

जुन्या पद्धतीचा एक तुकडा मात्र शिल्लक आहे. १ लाख चौरस किलोमीटरपेक्षा मोठ्या मतदारसंघात क्षेत्रफळाच्या २ टक्के इतके कागदी मतदार धरले जातात. मतदारसंघ ४ लाख चौरस किलोमीटरचा असेल तर ८,००० मतदार जास्तीचे मोजतात, त्यामुळे तिथे खऱ्या मतदारांची संख्या तेवढी कमी चालते. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३ लाख ८ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. त्याहून मोठ्या माळावर एकच आमदार फिरतो, आणि त्यातला बराचसा प्रवास विमानाने.